शब्दचर्चा : पोलीस 'शहीद' होतो, 'हुतात्मा' होतो की 'कामी येतो'?

वाटसरू : 21 ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनाला, आमच्या चौकात तीन फलक लागले होते. एकावर 'शहीद', दुसऱ्यावर 'हुतात्मा', तिसऱ्यावर 'वीरमरण'. माणसं तीच. मग बरोबर शब्द कुठला?

बखरबोका : 'शहीद' अरबी, मुळात साक्षीदार. श्रद्धेची साक्ष जीव देऊन देणारा, असा तो अर्थ सरकत गेला. 'हुत' म्हणजे होमात टाकलेलं. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. हा शब्द रुळवण्याचं श्रेय सावरकरांना दिलं जातं.

गंमत पुढेच आहे. मुंबईच्या हुतात्मा चौकातले हुतात्मे कोण? संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गेलेले, आणि त्यांतले बहुतेक पोलिसांच्याच गोळीबारात. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या झाडल्या गेल्या त्याही पोलिसांनीच. आता फलकावर पोलीसही हुतात्मा. गोळी झाडणाऱ्यालाही आणि खाणाऱ्यालाही मराठीने एकच शब्द दिलाय!

वाटसरू : पण सरकारी कागदावर काय असतं?

बखरबोका : 'कर्तव्य बजावताना मृत्यू'. सैन्यात वा पोलिसांत 'शहीद' असा शब्दच वापरत नाहीत, असं केंद्र सरकारने 2017 साली केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितलं होतं.

बंबवाल्याची लेक : 14 एप्रिलची आठवण कुणीच काढली नाही. 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोटकं भरलेलं जहाज उडालं, आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. अग्निशमन सप्ताह त्याच तारखेला सुरू होतो. लोक मात्र आम्हाला आजही 'बंबवाले'च म्हणतात. मला तो शब्द आवडतो, त्याला घामाचा वास आहे. बाबांना कुणी 'देवदूत' म्हटलं की ते म्हणायचे, "देवदूताला बूट लागत नाहीत, मला लागतात." त्यांचे तळ फाटलेले बूट दोन वर्षं बदलून मिळाले नव्हते.

बखरबोका : वा! म्हणूनच मला बखरींतला शब्द पटतो : 'अमुक इतके लोक कामास आले'. त्यात काम आधी, मरण मागून. 'धारातीर्थी पडणे' देखणं आहे, पण त्याला तलवार हवी. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती, आणि त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आठ पायांच्या कोळ्याच्या एका प्रजातीलाही 'तुकारामी' नाव मिळालं. मला तर हे वीरगळासारखंच वाटतं. गावची गुरं सोडवताना पडलेल्याचा दगडही गावाने असाच उभा केला, वर चंद्रसूर्य कोरून.

बंबवाल्याची लेक : वीरगळ मेल्यावर उभा राहतो हो. बूट जिवंतपणी लागतात.

वाटसरू : आज फलक रंगवणाऱ्यालाच गाठलं. म्हणाला, "शहीद घ्या. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही. खाली भाऊंचा फोटो मोठा बसतो."