खुब्याचा बदललेला सांधा पुन्हा बदलायचाय – किती टिकतो, डॉक्टर कसा निवडावा?

निशिगंध: आईचं वय ७१. खुब्याचा सांधा २००९मध्ये बदलला होता. हल्ली चालताना जांघेत दुखतं. एक्स-रेमध्ये वाटी (कमरेच्या हाडात बसवलेला भाग) सैल झालेली दिसतेय, रिव्हिजन (सांधा पुन्हा बदलायची शस्त्रक्रिया) करावी लागेल म्हणतात. पण दुसऱ्यांदा बसवलेला सांधा किती वर्षं चालेल, याचं सरळ उत्तर कोणी देत नाही. कोणाला अनुभव?

कुबडीवाला: सरळ उत्तर नसतंच, कारण सांधा का बिघडला यावर सगळं अवलंबून. तरी अंदाज म्हणून, इंग्लंड-वेल्सच्या नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीच्या (बदललेल्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदींवरचा २०२२चा अभ्यास बघा. पहिल्या रिव्हिजननंतर १५ वर्षांत साधारण २१ टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. दुसऱ्या रिव्हिजननंतर जवळपास तेवढेच ७ वर्षांत, तिसरीनंतर ३ वर्षांतच. म्हणून ही पहिली रिव्हिजनच नीट व्हायला हवी. मूळ सांधा जास्त वर्षं टिकलेला असेल तर पुढचाही बरा टिकतो असं त्यातच दिसलं, ते तुमच्या आईच्या बाजूने आहे.

माझी रिव्हिजन झालीय. चालतो, जिने चढतो, पण पहिल्या वेळेसारखा 'विसरून गेलो सांधा बदललाय' असा आराम नाही. पुन्हा ऑपरेशन लागलं नाही म्हणजे दुखणं शून्य, असं आकडेवारी म्हणत नाही हे लक्षात ठेवा.

रेवती_क: फिजिओथेरपिस्ट आहे. जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी पक्कं करा. सैल झालेला प्रत्येक सांधा नुसता झिजलेला नसतो. सीआरपी, ईएसआर (शरीरात दाह आहे का ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि गरज वाटली तर सांध्यातलं पाणी काढून तपासणी. मध्येच कोणी अँटिबायोटिक दिलं असेल तर सर्जनना जरूर सांगा, कारण मग नमुन्यात जंतू न सापडण्याची शक्यता वाढते. संसर्ग निघाला तर बऱ्याचदा दोन टप्प्यांत करतात: जुना सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेला सिमेंटचा स्पेसर (तात्पुरता तुकडा) बसवतात, मग काही आठवडे-महिन्यांनी नवा सांधा. मधला काळ जड जातो, घरच्यांनाही.

निशिगंध: हे कोणी बोललंच नव्हतं! दांडा (मांडीच्या हाडात बसवलेला भाग) घट्ट आहे, फक्त वाटी बदलू म्हणतात. चालेल का?

कुबडीवाला: चालतं, दांडा खरंच घट्ट असेल तर. तो उगाच उपटला तर मांडीचं हाड फुटू शकतं. मात्र नवा गोळा जुन्या दांड्याच्या टोकावर बरोबर बसायला हवा. म्हणून २००९ची फाइल शोधाच. इम्प्लांटचे स्टिकर लावलेले असतात, कंपनी आणि माप कळतं. फाइल नसेल तर त्या रुग्णालयात नोंदी मागा, आजच.

डॉक्टरांना विचारा: वर्षाला रिव्हिजन किती करता? (पहिल्यांदा बदलायचे सांधे किती, हे नव्हे. उत्तर देताना हे दोन्ही आकडे सहज मिसळले जातात.) वाटीमागचं हाड किती झिजलंय, सीटी स्कॅन करणार का? आत गेल्यावर दांडाही सैल निघाला तर तयारी आहे का? चिडले तर दुसरीकडे जा.

रेवती_क: आणि निखळण्याबद्दलही. रिव्हिजननंतर सांधा निखळायचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. ड्युअल मोबिलिटी वाटी (जिच्यात सांधा दोन जागी फिरतो) त्यासाठीच वापरतात. आईसाठी योग्य आहे का ते विचारा. कुल्ह्याचे स्नायू आत्तापासून जमतील तेवढे बळकट करा, पण व्यायाम कोणते ते एक्स-रे पाहिलेल्या माणसाकडूनच घ्या, व्हिडिओ बघून नको.

निशिगंध: फाइल माळ्यावर असावी, आज काढते. सीआरपीचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.