१५ वर्षांचा मुलगा सारखा चिडतोय, वयाचं आहे की डिप्रेशन?

निशिगंध:
गेला दीड महिना मुलाचं काहीतरी बिनसलंय. रडत वगैरे नाही, उलट सारखा चिडतो, दार आपटतो, रात्री दोन-तीनपर्यंत जागा आणि सकाळी उठवत नाही. फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, तो अचानक सोडला. पोट दुखतं म्हणून शाळेला दांड्या, तपासलं तर पोटात काहीच नाही. परवा भांडणात म्हणाला, "मी नसतो तर तुम्ही सुखी असता". हे म्हणतात या वयात सगळेच असं बोलतात. सरळ विचारायची भीती वाटते, त्याच्या डोक्यात नसलेलं मीच घातलं तर?

रानवारा:
ताई, विचाराच. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, यावर अभ्यास झालेत. मी काउन्सेलर आहे, या वयात डिप्रेशन बऱ्याचदा उदासीपेक्षा चिडचिडीतूनच दिसतं आणि घरात त्याला उद्धटपणा म्हणतात. नुसता वयाचा मूड असेल तर मित्र आले की पोरगं खुलतं. पण दोन आठवड्यांच्या वर, जवळजवळ रोज, आणि झोप शाळा खेळ सगळंच विस्कटलंय म्हणजे डॉक्टरांना दाखवायला हवं. विचारताना "तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना?" असं नको, त्यावर मूल नाहीच म्हणणार. "तुला कधी जीव द्यावासा वाटतो का?" इतकं सरळ विचारा आणि मग गप्प बसून ऐका.

अबोली:
मी १६ व्या वर्षी यातून गेलेय. सगळे म्हणायचे तुला कमी काय आहे, त्याने अजूनच गिल्टी वाटायचं. मावशीने एकदा गाडी चालवता चालवता विचारलं, डोळ्यात बघावं लागलं नाही म्हणून असेल, मी हो म्हणून गेले. तिने लेक्चर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. थेरपी आणि गोळ्या दोन्ही चाललं. गोळ्यांचा फरक कळायला ४-६ आठवडे गेले, सुरुवातीला घरच्यांना जास्त लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि मनाने बंद करायच्या नाहीत हेही.

निशिगंध:
काल रात्री विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग "कधीकधी" म्हणाला. आणि रडला, दीड महिन्यात पहिल्यांदा. सायकियाट्रिस्टची गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीय.

रानवारा:
फार बरं केलंत ताई. गुरुवारपर्यंत त्याला एकटं ठेवू नका. घरातली सगळी औषधं आणि जिवाला धोका होईल असं जे काही असेल ते आजच कुलपात टाका, कारण ती टोकाची लाट बऱ्याचदा थोडाच वेळ असते, तेवढ्यात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. कसं, कधी हे ठरवलंय असं बोलला, किंवा एकदम शांत होऊन आवडत्या वस्तू वाटायला लागला, तर गुरुवारची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या. आणि त्याच्या बाबांनाही सोबत घेऊन जा, त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.