मोतीबिंदू आणि काचबिंदू एकाच वेळी, कोणाच्या घरी केलंय का?

सातारकर_लेक:
आई ६८ वर्षांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होताच, आता डाव्यात काचबिंदूपण निघाला. तीन प्रकारचे ड्रॉप चालू आहेत तरी डोळ्यातलं प्रेशर २६ च्या खाली येईना. डॉक्टर म्हणतात एकाच वेळी दोन्ही करून टाकू, फेको (मोतीबिंदू काढायचं) आणि ट्रॅब (काचबिंदूचं प्रेशर उतरवायचं ऑपरेशन). मामा म्हणतो आधी मोतीबिंदू काढा, दिसायला लागलं की बाकीचं बघू. आणि आईने "डोळ्याला भोक पाडणार" एवढंच ऐकलं, तेव्हापासून तिला जेवण जाईना. कोणाला अनुभव?

मिरजेची_मुक्ता:
माझ्या बाबांचं झालंय. ऑपरेशन तासाभराचं, भूल फक्त डोळ्यापुरती, आत डॉक्टरांशी उसाच्या गप्पा मारत होते. खरी कसोटी नंतर. शेजारच्या काकूंचा नुसता मोतीबिंदू, त्या तिसऱ्या दिवशी पेपर वाचायला लागल्या, आणि बाबांना दीड महिना धूसरच, त्यामुळे घरात सगळे उगाच हवालदिल. दर आठवड्याला तपासणी, एकदा प्रेशर चढलं म्हणून लेसरने टाका तोडला, दोन मिनिटांचं काम. स्टेरॉइडचा ड्रॉप सुरुवातीला दर दोन तासांनी, मी फ्रिजवर तक्ताच चिकटवला होता. आता पापणी वर उचलली की पांढऱ्या भागावर मसुराएवढा फुगा दिसतो, तो असायलाच हवा, त्यातूनच पाणी जातं. ड्रॉप सगळे बंद, प्रेशर १३. सगळ्यांचेच सुटतात असं नाही हां.

फील्डवाली_ताई:
ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासणारी) आहे, काचबिंदूचे पेशंट रोज बघते. आरपार भोक नसतं हो, वर झाकण ठेवलेली छोटी खिडकी म्हणा, डोळ्यातलं पाणी वरच्या पातळ पडद्याखाली झिरपायला. मामांचं अगदीच चूक नाही, कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जागा, बंद असलेल्या काचबिंदूत कधीकधी नुसती फुगलेली लेन्स काढूनही प्रेशर बरंच उतरतं. म्हणून गोनिओस्कोपीत (कोन बघायची तपासणी) काय आलंय ते विचारा. पण कोन उघडा असेल आणि तीन ड्रॉपवर २६, तर नुसत्या मोतीबिंदूने भागणं कठीण, आणि डोळ्याची नस गेली की गेली, ती कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. आधी ट्रॅब आणि मोतीबिंदू मागाहून, असं केलं तर दुसऱ्या वेळच्या सुजेने फुगा बंद पडायची भीती असते. लेन्स मल्टिफोकल (जवळ-लांब दोन्हीची) घेऊ नका, काचबिंदूत कॉन्ट्रास्ट (फिकट-गडद फरक दिसणं) आधीच कमी झालेला असतो, साधी मोनोफोकल (एकाच अंतराची) बरी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. आणि पुढे कितीही वर्षांनी डोळा लाल झाला, दुखला, चिपडं आली, तर त्याच दिवशी दाखवायचं, मेडिकलमधून ड्रॉप आणून बघत बसायचं नाही.

सातारकर_लेक:
फाइल काढली, कोन उघडाच लिहिलाय. मामाला तसं कळवलं, तो गप्प. आईला फुग्याचं सांगितलं, तर म्हणते मसूर अख्खा की डाळ, ते नीट विचारून घे.

मिरजेची_मुक्ता:
अख्खा. 😄