मिरजेच्या सतारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पुढं काय?

कृष्णाकाठ:
मूळ सांगलीचा, सध्या पुण्यात. मागं कामानिमित्त ग्वाल्हेरला गेलतो. तिकडचं सरकार दर डिसेंबरला तानसेन समारोह भरवतं, राजा मानसिंह तोमरच्या नावानं संगीत विद्यापीठ काढलंय, २०२३ ला युनेस्कोनं संगीताचं शहर म्हणून मान्यता पण दिली. आणि आपलं मिरज? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तीच ग्वाल्हेरची गायकी इकडं घेऊन आले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडं मिरजेतच शिकले, किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथलेच होऊन राहिले. २०२४ ला सतार आणि तंबोऱ्याला जीआय मिळालं तेव्हा आपण सगळे स्टेटस ठेवून मोकळे झालो. पण वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत काही फरक पडला का ओ? सरकार नक्की करतंय काय?

मिरजवाला:
माझं दुकान सतारमेकर गल्लीजवळच आहे म्हणून सांगतो. जीआय म्हणजे अनुदान नव्हे, बरेच जण तसं समजतात. नावाचं संरक्षण आहे ते, दुसरीकडचा माल मिरजेचा म्हणून खपवता येत नाही. त्याचा उपयोग पण कारागिरानं स्वतःची वेगळी नोंदणी केली तर, आणि गिऱ्हाईकानं विचारलं तर! ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारं घडवायची, संस्थानी काळात ते काम कमी झालं तसं वाद्यांकडं वळली. वाद्याच्या बुडाचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, तो नीट वाळायला महिने जातात, मग लाकूड, कोरीवकाम, पॉलिश, आणि शेवटी जवारी, म्हणजे तारेखालची घोडी घासून आवाजाला घुमारा आणायचा, ती कानानंच लावायची, मशीन नाही त्याला. एवढं करून गाणारा मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावून बसतो. पोरं कशाला शिकतील मग हे काम?

सातारी_कंदी:
सरकार काहीच करत नाही असं नाही. लता मंगेशकर पुरस्कार आहे, भीमसेन जोशींच्या नावाचा आहे, वृद्ध कलावंतांचं मानधन आता महिना ५००० झालंय. पण माझ्या चुलत्यांनी उभं आयुष्य तमाशात ढोलकी वाजवली आणि अर्ज करायला गेलो तर पुरावे आणा, कात्रणं आणा. जत्रेत वाजवणाऱ्याची कात्रणं कोण काढतंय? तीन हेलपाटे झाले, साहेब मीटिंगला. आणि वाद्य बनवणारा तर पुरस्काराच्या यादीत कुठं दिसतच नाही, गाणाऱ्याचा फोटो तेवढा येतो.

षड्ज:
माझं मत, महोत्सव आणखी नकोत. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या आठवणीत गाणं होतंच की, लोकं जमिनीवर बसून ऐकतात. त्यापेक्षा जिथं जिथं सरकारी पैशावर गाणं शिकवतात तिथं मिरजेचा जोड तंबोरा (दोन तंबोऱ्यांची जोडी) घ्यायचा असा नियम करा. खरेदी झाली की पोरं आपोआप शिकतील काम.

कृष्णाकाठ:
हे पटलं. एक विचारायचं होतं, आईचा तंबोरा बरीच वर्षं माळ्यावर पडलाय, जवारी पार गेलीय. दुरुस्त होईल का?

मिरजवाला:
होतोय की, आणा. फक्त यष्टीच्या डिकीत टाकू नका, भोपळा फुटला तर जवारीपेक्षा तोच खर्च जास्त.