खाणीची परवानगी देताना नदी उन्हाळ्यातच का मोजतात?

इरईकाठ: चंद्रपुरात इरई आणि वर्धेच्या काठानं कोळशाच्या खुल्या खाणी किती आहेत ते इथल्यांना सांगायला नको. मला त्यात एकच गोष्ट जाम खटकते. खाणीच्या पर्यावरण मंजुरीसाठी जो अहवाल बनतो त्यात आधीची परिस्थिती मोजायला एक सीझन पुरतो, आणि तोही पावसाळा सोडून. आता टीम मार्च ते मे मध्ये आली तर नाला कोरडा ठणठणीत, मग लिहून मोकळे की नाला हंगामी आहे, जलचर विशेष नाहीत. अरे मासे त्या नाल्यात येतात तेच मुळी पहिल्या पुराला, धारेच्या उलटे चढून अंडी घालायला! आणि पुढे खाणीसाठी वळवतात कोणता नाला, तर तोच. माझं म्हणणं एवढंच की पावसाळ्यातली मोजणी सक्तीची करा, आणि हिशोब एकेका खाणीचा नको, अख्ख्या नदीचा करा.

शिफ्ट_इनचार्ज: खाणीतच नोकरी करतो म्हणून बोलतो. पावसाळा धरला की मंजुरी वर्षभर पुढे गेली, तोवर चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं वीज स्टेशन काय शेणकुटांवर चालवायचं का? इरईचे मासे गेले ते शहराच्या गटारानं, शहरातली झरपट नदी बघा एकदा, जलपर्णीखाली पाणी दिसत नाही. खाणीतलं उपसलेलं पाणी आम्ही सेटलिंग पॉन्डमधून, म्हणजे गाळ खाली बसवायच्या तळ्यातून सोडतो. मेघालयात लुखा नदी निळी झाली, मासे मेले, कोळसा खाणींच्या आंबट (आम्लयुक्त) पाण्याला दोष दिला गेला, ते लोक लगेच आमच्या माथी मारतात, पण आपल्या कोळशात गंधक कमी आहे, तसं आंबट पाणी इथं सहसा होत नाही.

ढिवर_पोरगा: गंधकाचं मान्य आहे भाऊ. पण गाळाचं काय? ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे ढिगारे पार काठाला टेकवलेत, पाऊस आला की ती माती सरळ नदीत. अंड्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात, आणि डोह बुजतात ते वेगळंच. उन्हाळ्यात धार तुटली की मासे डोहातच तग धरतात, डोहच बुजला तर पुढच्या पावसात वर चढायला उरणार कोण? २०२२ च्या पुरात माजरीकडचे लोकही हेच ओरडत होते की ढिगाऱ्यांनी पाणी अडलं. आणि ज्याची जमीन गेली त्याला मोबदला मिळते, एखाद्याला नोकरी लागते. आमच्या घरात तीन पिढ्या जाळं टाकतात पण नदीचा सातबारा आमच्या नावावर नाही ना, आमाले काय मिळते?

कोरडवाहू: सगळे मासे-मासे करून राहिले, विहिरीचं कोणी बोलेना. खाण खोल गेली की चोवीस तास पंप चालतात, आजूबाजूचं भूजल तिकडं ओढलं जातं आणि आमच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतात. राज्याच्या जलनीतीत २००३ ला पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा नंबर होता, २०११ ला शेती वर आणली, पण कागदावरच. मला मोजणीबिजणीत रस नाही, खाण होऊ द्या. फक्त उपसलेलं पाणी आधी शेताला मिळेल हे मंजुरीच्या अटीत लिहा, हवं तर पाइपलाइनचा नकाशा जोडून.

इरईकाठ: @कोरडवाहू पाणी द्यायलाच पाहिजे, पण खाण बंद झाल्यावर पंपही बंद, मग? आणि @शिफ्ट_इनचार्ज, २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणात पाणी नाही म्हणून त्याच स्टेशनचे संच बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, पाणी नव्हतं.

वकिली_चष्मा: उशिराची भीती घालणाऱ्यांनी गारे पेल्मा सेक्टर २ बघावं. खाण छत्तीसगडात रायगडजवळ, पण आपल्या महाजेनकोची, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीची. २०२२ ला मंजुरी मिळाली, जानेवारी २०२४ ला हरित लवादानं रद्द केली, जनसुनावणी नीट झाली नाही वगैरे कारणं, मग ऑगस्टमध्ये परत दिली. आधीच नीट केलं असतं तर हे हेलपाटे वाचले असते. दुसरं म्हणजे मऊ पाठीचं कासव, गावातल्या बोडीतही (छोट्या तळ्यातही) सापडणारं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत. पण इथं वन्यजीव म्हटलं की सगळ्यांना फक्त ताडोबा आठवतो.

शिफ्ट_इनचार्ज: आता कासवासाठी खाण थांबवा! बरं, पावसाळ्यातल्या मोजणीला माझी ना नाही, ती आधीच्या पावसाळ्यात उरकता येईल. पण अख्ख्या नदीचा हिशोब नवीन खाणवाल्याच्या गळ्यात का? पन्नास वर्षांचा गाळ एकट्या त्यानं टाकलाय का?

ढिवर_पोरगा: त्याच्या गळ्यात नकोच. सरकारनं करावा, आणि तो होईस्तोवर काठावर नवीन ढिगारा नको.

शिफ्ट_इनचार्ज: म्हणजे शेवटी बंदीच की.