शब्दचर्चा : अल्पदृष्टी आणि तिच्यासाठीची भिंगे, चष्मे व साधने

प्रश्न

दृष्टी कमी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी मी मराठीत एक माहितीपत्रक तयार करीत आहे. 'लो व्हिजन'साठी अल्पदृष्टी, क्षीणदृष्टी, अधू दृष्टी, मंददृष्टी आणि अंशतः अंध असे पाच शब्द वेगवेगळ्या कागदांवर आढळले. अशा व्यक्तींच्या उपकरणांना एका ठिकाणी 'दृक्-साधने' म्हटले आहे, तर दुसरीकडे नुसते 'विशेष चष्मे'. पालकांचा गोंधळ होणार नाही असे कोणते शब्द योजावेत?

प्रतिसाद

यांपैकी 'अल्पदृष्टी' हाच शब्द घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पत्रकात तो पहिल्यांदा येईल तेथे त्याचा अर्थ एका वाक्यात सांगावा. औषधोपचार किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर आणि योग्य नंबरचा चष्मा लावल्यावरही पाहण्यात जी उणीव उरते, ती अल्पदृष्टी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत तिची मर्यादा दिलेली आहे : शक्य तेवढी सुधारणा केल्यानंतरही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ हून कमी व ३/६० पर्यंत असणे, किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर न हलवता एका वेळी दिसणारा भाग, ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत असणे. ६/१८ याचा अर्थ असा की, निर्दोष डोळ्याला जे अक्षर १८ मीटरांवरून ओळखता येते, ते ओळखण्यासाठी या व्यक्तीला ६ मीटरांपर्यंत जवळ यावे लागते.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो 'लघुदृष्टी'शी. लघु आणि अल्प हे शब्द ऐकणाऱ्याला एकच वाटतात, पण लघुदृष्टीत, म्हणजे शालेय पुस्तकातल्या निकटदृष्टितेत, प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते आणि अंतर्वक्र भिंगाने ती पटलावर आणली की दोष निवारतो. अल्पदृष्टीत बिघाड बहुधा दृष्टिपटलात किंवा डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूत असतो, त्यामुळे प्रतिमा जागच्या जागी पडूनही ती पुरेशी टिपली जात नाही. हा फरक पालकांना कळला नाही, तर 'नंबर बरोबर निघाला नसेल' या समजुतीने ते एका चष्म्याच्या दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत राहतात आणि मुलाची शिकण्याची वर्षे हातची जातात. पत्रकात या दोन शब्दांसाठी अख्खा परिच्छेद खर्ची घातला तरी तो योग्यच ठरेल.

'मंददृष्टी' टाळावा, कारण अनेक जण तो 'आळशी डोळ्या'साठी, म्हणजे लहानपणी नीट वापर न झाल्याने एका डोळ्याची नजर कमी राहण्यासाठी, वापरतात आणि त्यावरचा उपचार निराळा असतो. 'अंशतः अंध' हाही टाळावा. कायद्याने अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन स्वतंत्र व्याख्या केल्या आहेत, आणि छापील अक्षर वाचू शकणाऱ्या मुलाची ओळख अंध या शब्दापासून सुरू करण्याचे काहीच कारण नाही.

प्रतिसाद

वरील विवेचन मान्य असले, तरी 'क्षीणदृष्टी' इतक्या सहज बाजूला सारू नये. नोकरभरतीच्या जाहिरातींत तो शब्द लोकांनी वाचलेला आहे आणि 'क्षीण' म्हणजे दुर्बल हे कोणालाही समजते. 'अल्प'मुळे उलट दोषच किरकोळ आहे, असे वाटण्याचा संभव नाही का?

प्रतिसाद

आक्षेप रास्त आहे, परंतु 'क्षीण'मध्ये क्षय आहे, म्हणजे उत्तरोत्तर कमी होत जाणे आहे. काही आजारांत दृष्टी तशी घटते खरी, पण जन्मतः अल्पदृष्टी असलेल्या कित्येक मुलांची दृष्टी वर्षानुवर्षे आहे तेवढीच राहते. त्यांच्या आईवडिलांना हा शब्द विनाकारण धास्तावतो. शिवाय रेटिनायटिस पिगमेंटोझासारख्या दृष्टिपटलाच्या आजारात मध्यभागाची दृष्टी बराच काळ तीक्ष्ण राहते आणि क्षेत्र मात्र आकसत जाते. अशा व्यक्तीला तक्त्यावरची बारीक अक्षरे वाचता येतात, पण पायाजवळचे स्टूल दिसत नाही. तिची दृष्टी दुर्बल म्हणता येणार नाही, अल्प म्हणता येईल.

आता साधनांविषयी. 'दृक्-साधने' हा शब्द मराठीत शिक्षणक्षेत्राने आधीच घेतलेला आहे. तक्ते, नकाशे, चित्रफिती ही दृक्-साधने, आणि ती तर डोळसांसाठीच असतात. त्यामुळे येथे 'दृष्टिसहायक साधने' म्हणावे. समासात 'ष्टि' ऱ्हस्व लिहावी.

'विशेष चष्मे' हा शब्दप्रयोग मला अधिक घातक वाटतो, कारण त्यातून हा चष्मा एकदा डोळ्यांवर चढवला की सगळे स्वच्छ दिसेल, अशी आशा निर्माण होते. प्रत्यक्षात वाचनाचा हा चष्मा म्हणजे खूप जास्त शक्तीची चाळशी असते. 'चाळशी' हा आपला जुना, घरातला शब्द येथे फार उपयोगी पडेल, कारण चाळशी लावून चालता येत नाही, ती जवळचे पाहण्यासाठीच असते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. साधी चाळशी सहसा +३ डायॉप्टरच्या (डायॉप्टर हे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) आत असते. अल्पदृष्टीसाठी +१० किंवा त्याहूनही अधिक शक्ती लागू शकते. +१० चे भिंग असेल तर पुस्तक सुमारे १० सेंटिमीटरवर धरावे लागते, +२० असेल तर ५ सेंटिमीटरवर. अक्षर मोठे दिसते ते मुख्यतः इतक्या जवळ आणल्यामुळे, आणि भिंगाचे काम त्या अंतरावर ते स्पष्ट ठेवण्याचे. म्हणून 'पुस्तक डोळ्यांना चिकटवू नकोस' असे मुलाला रागावणे थांबवावे, आणि जवळ धरून वाचल्याने डोळे अधिक बिघडत नाहीत, हे पत्रकात ठळक अक्षरांत छापावे.

प्रश्नकर्तीचा उपप्रश्न

मनःपूर्वक आभार. 'मॅग्निफायर'साठी 'बृहद्दर्शक' लिहावे की 'भिंग'? आणि भिंगावर '५ एक्स' असे लिहिलेले असते, त्याला 'नंबर' म्हणावे का? ओळ वाचण्यासाठी जी काळी खिडकीदार पट्टी मिळते, तिलाही मराठी नाव हवे आहे.

प्रतिसाद

'भिंग'च लिहावे, पंचांग वाचणाऱ्या आजोबांच्या हातात भिंगच असते. हातभिंग, पट्टीभिंग आणि पायांचे भिंग अशी नावे सहज समजतात. यातले पायांचे भिंग कागदावर टेकते, त्यामुळे अंतर आपोआप राखले जाते आणि हात थरथरणाऱ्या वृद्धांना ते सोयीचे पडते. फळा किंवा एसटीचा फलक वाचायच्या साधनाला 'एका डोळ्याची दुर्बीण' म्हणावे.

'नंबर' हा शब्द चष्म्यापुरताच ठेवावा आणि भिंगासाठी 'शक्ती' लिहावे. '५ एक्स' या आकड्यावर विसंबू नये, कारण तो काढण्याची रीत सर्व उत्पादकांची एकच नसते : एका रीतीने डायॉप्टरला ४ ने भागतात, दुसरीत त्या भागाकारात १ मिळवतात. त्यामुळे २० डायॉप्टरचे तेच भिंग एका वेष्टनावर ५ एक्स आणि दुसऱ्यावर ६ एक्स असू शकते. तुलना डायॉप्टरनेच करावी.

पट्टीला 'ओळखिडकी' म्हणावे, असे सुचवतो. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापली की ती घरीही तयार होते. आजूबाजूच्या पांढऱ्या कागदाची चमक झाकली जाते आणि ओळ सुटत नाही. जाड काळ्या शाईचे पेन, ठळक रेघांची वही, वाचनाचे तिरके स्टँड आणि बाजूने पडणारा दिवा यांच्याबरोबर तिला 'भिंगाविना साधने' या मथळ्याखाली घ्यावे. आकसलेल्या दृष्टिक्षेत्राच्या मुलांना तर मोठे केलेले अक्षर त्या चिंचोळ्या क्षेत्रात मावतच नाही आणि त्यांचे वाचन अधिक अडखळते, म्हणून त्यांच्यासाठी हा मथळा भिंगांच्या आधी यावा.