चालत जाता येईल असं काय काय आहे तुमच्या घराजवळ? अनुभव लिहा

आई-बाबांचं घर सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इमारत पाडून नवी बांधायचं ठरलंय, त्यामुळे तीन वर्षं त्यांना दुसरीकडे राहावं लागणार. माझा फ्लॅट वाघोलीच्या पुढे, मोठ्या सोसायटीत. बाग आहे, लिफ्ट आहे, खोल्या प्रशस्त. त्यांनी आमच्याकडेच यावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून आधी पंधरा दिवस राहायला आणलं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला बाबा चपला घालून, कापडी पिशवी घेऊन दारात उभे. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, "बघतो, कुठे जाता येतं का." गेटपर्यंत गेले आणि परत आले. बाहेरच्या रस्त्याला फुटपाथ नाही, सारखे डंपर जातात. आमच्याकडे लागेल ते मोबाइलवरून दारात येतं. बाबांची पिशवी पंधरा दिवस खुंटीलाच राहिली.

पेठेत त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी दूध आणि पेपर, दहाला वाचनालय, संध्याकाळी मंडईतून पाव किलो घेवडा नाहीतर चार लिंबं. वाटेत इस्त्रीवाला, औषधवाला, दोन ठिकाणी गप्पा. वय ७४, गुडघा दुखतो, तरी दिवसातून तीनदा जिना उतरतात. तिथेच एका खोलीचं भाड्याचं घर बघू का? तुमच्या घरापासून चालत काय मिळतं, काय मिळत नाही, त्याने रोजच्या जगण्यात काय फरक पडला, ते सांगा. त्रासही सांगा.

डोंबिवली पूर्व

लग्न होऊन आले त्याला २६ वर्षं झाली. घर स्टेशनपासून आठ मिनिटांवर. त्या आठ मिनिटांमुळेच माझी नोकरी टिकली. संध्याकाळी साडेसातला गाडीतून उतरलं की बाहेर भाजीवाल्या ताई बसलेल्या असतात. सोललेले मटार, निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी, सगळं छोट्या पिशव्यांतून. निवडलेल्या मेथीची एक पिशवी म्हणजे माझी अर्ध्या तासाची झोप! पुढे पोळी-भाजी केंद्र, त्याच गल्लीत मुलाचा क्लास. तो तिथेच भेटायचा आणि आम्ही बोलत बोलत घरी यायचो. त्याच्या दहावीच्या वर्षात आमचं जे काही बोलणं झालं ते त्या रस्त्यावर.

२०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चालायला जागा हवी हे मला पटतं, गर्दीत मी स्वतः दोनदा पडलेय. पण या ताई उठल्या तर माझ्यासारख्या कितीजणींची संध्याकाळ कोलमडेल. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात त्यांच्यासाठी जागा ठरवून द्यायची तरतूद आहे. ती जागा स्टेशनवरून घरी जायच्या वाटेवरच हवी, एवढंच म्हणणं आहे.

ठाणे, घोडबंदर रोड

घर घेताना आम्हाला सांगितलं होतं, सगळं पाच मिनिटांवर. डॉक्टर, बँक, भाजी, सगळं खरंच समोर दिसतं. पण मध्ये घोडबंदर रोड आहे. अवजड गाड्या, त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे. पादचारी पुलाला पायऱ्या, आणि मला लहानपणीच्या पोलिओमुळे कुबडी लागते. बँकेत जायला मी रिक्षा करते. रिक्षा पुढच्या वळणापर्यंत जाते आणि वळसा घालून बँकेच्या दारात सोडते. माझ्या खिडकीतून ते दार दिसतं.

ताई, घर बघाल तेव्हा मीटर विचारू नका. रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो ते मोजा. बाबांना सोबत न्या आणि त्यांच्या चालीने मोजा.

(धागा काढणारी)

हे वाचलं आणि शनिवारी बाबांबरोबर मंडईत गेले. मध्ये बाजीराव रस्ता लागतो. इतक्या वर्षांत मी त्यांच्या शेजारी तिथे कधी उभीच राहिले नव्हते. गाड्या थांबेचनात. शाळेच्या दोन मुली हात दाखवत निघाल्या, तेव्हा बाबा त्यांच्या मागोमाग पलीकडे गेले. "रोज असंच," म्हणाले, "कुणीतरी सोबत मिळेपर्यंत थांबतो." मला रात्री झोप लागली नाही.

म्युनिक

आम्ही इथे सहा वर्षं आहोत. दुकानं रात्री आठला बंद आणि रविवारी तर उघडतच नाहीत, त्यामुळे जवळ असणं इथे फार महत्त्वाचं. मुलगी आठ महिन्यांची असताना एका रविवारी रात्री तिला ताप भरला. औषधांची दुकानं इथे आळीपाळीने रात्रपाळी करतात आणि त्या रात्री कोणतं उघडं आहे ते प्रत्येक दुकानाच्या दारावर लावलेलं असतं. आमचं दोन गल्ल्या सोडून होतं. बाबागाडी ढकलत गेलो, घंटा वाजवली, दारातली छोटी खिडकी उघडली आणि तापाचं औषध हातात आलं. जाता-येता एकदाही गाडी उचलावी लागली नाही, प्रत्येक कोपऱ्यावर फुटपाथ उतरता केलेला.

सुट्टीत कोल्हापूरला गेलो, तर तीच बाबागाडी दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेली. मात्र आईचा वाणी मला बघून म्हणाला, "आज्जी दोन दिवस आल्या न्हाईत, बऱ्या हाईत न्हवं?" म्युनिकच्या बेकरीत मी सहा वर्षं रोज जाते, तिथे असं मला कुणी विचारलेलं नाही. दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

नागपूर, धरमपेठ

गोकुळपेठचा बाजार घरून सात मिनिटं. हे झालं जानेवारीचं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तोच रस्ता संपता संपत नाही. रस्ता रुंद केला तेव्हा एका बाजूचे कडुनिंब तोडले. तेव्हापासून आई आठच्या आत सांबार-मिरची आणून ठेवते (सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर) आणि संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत दाराबाहेर पाय टाकत नाही. पुण्यातही घर बघताना रस्त्यावर सावली आहे का, तेवढं पाहून घ्याच.

म्हापसा

आमच्याकडे पोदेर (पाववाला) सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंपू वाजवत दारात येतो. उंडे (गोल पाव) घ्यायला फक्त फाटकापर्यंत जायचं. बाकीचा बाजार शुक्रवारी, तोही चालत.

दादर पश्चिम

रानडे रोडलगतच्या चाळीत जन्म गेला. त्रास विचारलात म्हणून सांगतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आम्हाला स्वतःच्या जिन्यातून बाहेर पडायला वाट काढावी लागते. तशाच एका संध्याकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडकली, पुढे येईना. मग चाळीतल्या चार पोरांनी आईला लाकडी खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि "बाजू, बाजू" ओरडत गर्दीतून थेट हॉस्पिटलात नेली. चालत सहा मिनिटं लागतात, त्या दिवशी नऊ लागली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आई अजून आहे. ज्या गर्दीने गाडी अडवली, त्याच गर्दीतल्या दोघांनी वाटेत खुर्चीला हात लावला होता.

राजापूर तालुक्यातली एक वाडी

तुमची चर्चा शहरातल्या घरांची आहे, तरी लिहितो. आमच्या वाडीत दुकान आहे, गिरण आहे, एसटीचा थांबा खाली रस्त्याला. शाळा होती. पट कमी झाला आणि ती बंद केली. शिक्षण हक्काच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी असं आहे. माझी मुलगी तिसरीत आहे. तिची शाळा आता घरापासून अडीच किलोमीटर, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा. पऱ्यावर साकव आहे, पण त्याच्या दोन फळ्या गेल्यात.

आम्ही हे सगळं वेळोवेळी लिहून दिलं आहे. उन्हाळ्यात काही वाटत नाही, मुलं रमतगमत, करवंदं खात जातात. पावसात मात्र एकट्या मुलाला पाठवायची कुणाची छाती होत नाही. मुंबईला गेलेले चाकरमानी म्हणतात, तू पण ये, इथे शाळा हाकेवर. मला शेत आणि आई सोडून जाता येत नाही.

यंदा जुलैत पऱ्याला पाणी आलं तेव्हा तीन दिवस शाळा बुडाली. चौथ्या दिवशी तिला खांद्यावर घेतलं आणि कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे नेलं. तिने दप्तर डोक्यावर धरलं होतं, दोन्ही हातांनी.